संवाद आणि प्रतिसाद : जनसंपर्क-विचारातील एक संभ्रम

मायकेल केंट व मॉरीन टेलर यांनी १९९८ साली संकेतस्थळांसाठी संवादाची पाच तत्त्वे मांडली. २००२ साली परस्परता, सान्निध्य, समानुभूती, जोखीम व बांधिलकी ही संवादाची लक्षणे सांगितली. समाजमाध्यमांचा विचार करताना अनेक अभ्यासकांनी पहिलीच मांडणी आधारभूत धरली. कारण तिची मोजदाद करता येते. परंतु पत्रकाराच्या प्रश्नास किती वेळा उत्तर दिले हे मोजल्याने, त्याच्या आक्षेपावरून संस्थेने आपली भूमिका पुन्हा तपासली की नाही, हे कळत नाही. व्यावसायिक संबंधाची खरी कसोटी तेथेच लागते. अनपेक्षित परिणाम पत्करण्याची तयारी, म्हणजेच जोखीम, वगळली असता उरतो तो केवळ प्रतिसाद. त्यास संवाद म्हणणे शास्त्रदृष्ट्या सदोष होय.