धोबिणीची पोस्त

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटेखानी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, आणि नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत पहिल्या सहा हजार प्रती खपून गेल्या. सेमिनरीत असताना आम्ही ती प्रथम वाचली. तेव्हापासून बहुतेक प्रत्येक आगमनकाळात ती हाती येते आणि प्रवचनात तिचा आधार घेण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. कंजूष स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री चार पिशाच्चे भेटतात, भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवितात, आणि सकाळी तो उदार होऊन उठतो, ही कथा आमच्या वाचकांना ठाऊक असेलच. यंदा मात्र आम्ही एका ठिकाणी अडखळलो.

त्याआधी एका रूढीविषयी दोन शब्द. नाताळच्या दुसऱ्या दिवसाला इंग्लंडात 'बॉक्सिंग डे' म्हणतात. मुष्टियुद्धाशी त्याचा काही संबंध नाही. वर्षभर राबणाऱ्या नोकरचाकरांना, टपालवाल्याला, दुकानातील उमेदवार पोरांना या दिवशी जी बक्षिसी मिळे, तिला 'ख्रिसमस बॉक्स' म्हणत. आपल्याकडील दिवाळीच्या पोस्तीचीच ही इंग्रज बहीण. १६६३च्या डिसेंबरात आपल्या चांभाराच्या दुकानातील पोरांच्या पेटीत काही टाकल्याची नोंद सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत आहे. (आपल्या देशात इंग्रजी अमदानीत हा ओघ उलटा वाहत असे. नाताळला फळाफुलांच्या डाल्या हाताखालची माणसेच साहेबाच्या बंगल्यावर पोहोचवीत.) १८७१च्या कायद्याने इंग्लंडात हा दिवस सुटीचा झाला. ख्रिस्तसभेच्या पंचांगात तो संत स्टीफनचा दिवस आहे. आपण स्टीफनला रक्तसाक्षी म्हणून स्मरतो. पण त्याची निवड प्रथम झाली ती पंगतीची व्यवस्था पाहण्यासाठी. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली होती. म्हणजे कोणाच्या ताटात काही पडले नाही, हे पाहणे हे त्याचे पहिले काम.

याच दृष्टीने आम्ही यंदा डिकन्स वाचला.

कादंबरीतील सर्वांत आनंदी प्रसंग आम्हांस फेझिविगच्या घरचा नाच वाटतो. स्क्रूज उमेदवारी करीत असतानाचा हा त्याचा मालक. नाताळच्या पूर्वसंध्येला तो दुकानाच्या झडपा लावून घेतो, वखारीची जमीन झाडूनपुसून लख्ख होते आणि नाच सुरू होतो. त्या नाचात कोण कोण येते? घरातील मोलकरीण, आणि तिच्याबरोबर तिचा नातलग पाववाला. स्वयंपाकीण, आणि तिच्याबरोबर तिच्या भावाचा मित्र दूधवाला. समोरच्या घरातील एक पोरगाही येतो. त्याचा धनी त्याला पोटभर जेवू घालीत नसावा, असा संशय आहे. हा एवढा तपशील डिकन्सने जाता जाता टाकला आहे, पण सारा डिकन्स त्यात आहे. रात्री अकरा वाजता फेझिविग पतिपत्नी दाराशी उभी राहतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करून नाताळच्या शुभेच्छा देतात. या सगळ्याला खर्च किती आला असेल? पिशाच्च स्क्रूजला डिवचते, तीनचार पौंड! त्यावर स्क्रूज अभावितपणे जुन्या मालकाची बाजू घेतो. सेवा हलकी वाटावी की ओझे व्हावी, हे मालकाच्या शब्दात आणि नजरेत असते, अशा आशयाचे तो बोलून जातो आणि मग स्वतःच चपापतो.

दुसरा प्रसंग टर्कीचा. पालटलेला स्क्रूज आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबणाऱ्या आपल्या कारकुनाच्या, बॉब क्रॅचिटच्या, घरी भलीमोठी टर्की पाठवितो. ती कोणी पाठविली हे कळू द्यायचे नाही, अशी ताकीद असते. निरोप्या पोराला अर्धा क्राउन मिळतो, टर्कीसाठी भाड्याची गाडीही होते. आम्ही प्रवचनात वर्षानुवर्षे येथेच थांबत आलो. डिकन्स मात्र थांबत नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमक्या स्टीफनच्या दिवशी, बॉब उशिरा कामावर येतो आणि स्क्रूज त्याचा पगार वाढवितो. टर्की गुपचूप, पगारवाढ तोंडावर. देणगी आणि देणे या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे त्या कादंबरीकाराला पक्के उमगले होते. न्यायाने जे देणे लागते ते दानधर्म म्हणून पुढे करू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशपत्रात बजावले. त्याला कथेचे रूप सव्वाशे वर्षे आधीच मिळाले होते.

इथवर सारे ठीक. अडखळलो ते भविष्याच्या प्रकरणात. स्क्रूज मेला आहे, आणि त्याच्याकडे झाडलोट करणारी बाई, त्याची धोबीण आणि अंत्यविधीवाल्याचा माणूस असे तिघे त्याच्या वस्तू घेऊन एका भंगारवाल्याकडे आले आहेत. धोबिणीच्या गाठोड्यात चादरी, टॉवेल, चांदीचे दोन चमचे. झाडूवालीने तर पलंगाचे पडदे कड्यांसकट काढून आणले आहेत, वर मृताच्या अंगातला चांगला सदराही. जिवंतपणी तो माणसासारखा वागला असता, तर मरताना जवळ कोणी तरी असते, असे ती ठणकावून म्हणते. आता शेवटचे प्रकरण उघडा. स्क्रूज जागा होतो आणि पहिला आनंद कशाचा? पडदे शाबूत आहेत याचा! तो ते पडदे कवटाळतो. मग कारकून, भाचा, दानशूर गृहस्थ, रस्त्यावरचे भिकारी, सर्वांच्या वाट्याला काही ना काही येते. त्या दोन बायकांच्या वाट्याला शेवटच्या पानापर्यंत काही येत नाही. त्यांचे नावही निघत नाही.

हा आम्ही त्या थोर कादंबरीचा दोष मानतो. भयाच्या प्रसंगात लेखकाला त्यांची गरज होती; आनंदाच्या पंगतीत त्या नकोशा झाल्या. चोरी करणाऱ्यांना काय द्यायचे, असे कोणी म्हणेल. पण ती चोरी घडलेलीच नाही, तशीच जशी टिमची शवपेटिकाही घडलेली नाही. टिमला नवे भविष्य मिळाले, धोबिणीला नाही.

आणि हे लिहिताना आमचा हात थबकतो. आमच्या धर्मग्रामात अल्तारीवरील वस्त्रे आणि आमचे झगे धुण्यास एक बाई येते. दर नाताळला तिला केक आणि पाकीट देऊन आम्ही निश्चिंत होत असू. गेल्या नाताळात पाकीट हाती घेऊन ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "फादर, हे पुढच्या पगारातून कापाल का?" ती काम करते त्या दुसऱ्या एका घरी तसे कापले होते. आम्ही नाही म्हटले, तिने हात जोडले आणि गेली. त्या रात्री आम्ही हिशेबाची वही काढली. तिचा पगार चार वर्षे तोच होता.

जानेवारीच्या बैठकीत आम्ही वाढीचा विषय काढला. एक वडीलधारे सदस्य, मनाने खरोखर उदार, आश्चर्याने म्हणाले, "पण फादर, तिला आपण नाताळला देतोच की." डिकन्स झोळीत होता. तो आम्ही बाहेर काढला नाही. वहीच त्यांच्यापुढे सरकविली.