भविष्याच्या गाडीतले खानसाहेब

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ या कथेत एक खानसाहेब आहेत. पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत ते गंगाधरपंत गायतोंडे यांचे सहप्रवासी असतात. स्वभावाने बोलके, आपल्या धंद्याच्या गोष्टी सांगणारे. लोणावळ्यापुढे ‘सरहद’ नावाच्या स्टेशनावर परवाने तपासले जातात, तेव्हा इथून ब्रिटिशांचे राज्य सुरू होते हे पंतांना तेच समजावतात. त्यांना स्वतःला मुंबईहून पुढे दिल्ली, लाहोर करीत पेशावर गाठायचे आहे. मुंबई येते आणि खानसाहेब कथेतून उतरून जातात. या कथेवर पुष्कळ लिहिले गेले, पण या प्रवाशाकडे थांबून पाहिलेले आमच्या पाहण्यात नाही.

ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने घेतली गेली आणि आम्ही येथे तोच पाठ समोर ठेवला आहे. कल्पना अशी की १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नाही, नुसती चाटून गेली. त्या एका बोटभर अंतराने इतिहास फिरला. मराठे जिंकले, कंपनीचा विस्तार अडला, पुण्याच्या राज्यकर्त्यांनी एकोणिसाव्या शतकातच स्वतःची विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रे काढली आणि पुढे देश आपल्या पायांनी चालत लोकशाहीपर्यंत आला. अपघातानंतर गंगाधरपंत या दुसऱ्या हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात आणि ग्रंथालयात स्वतःच लिहिलेला, पण आपल्याला ठाऊक नसलेला इतिहास वाचत बसतात.

प्रथम लेखकाचे श्रेय त्याला द्यावे. पानिपत हा मराठी मनातला जुना सल आहे. तो उलटा करून दाखवताना सूड उगवण्याचा मोह कुणालाही झाला असता. नारळीकरांनी तो टाळला. त्यांच्या जिंकलेल्या देशात कुणाला हाकलून दिलेले नाही. उलट फाळणीच तिथे दिसत नाही. नाहीतर खानसाहेब मुंबईच्या गाडीने लाहोरमार्गे पेशावरला कसे जाणार? दोन ओळींच्या संवादात केवढे मोठे दुःख पुसले गेले आहे! फाळणीनंतर ज्यांच्या घरातली माणसे दोन्हीकडे वाटली गेली त्या वाचकाला हे वाक्य नुसते वेळापत्रक वाटत नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या देशात मुसलमान आहेत कुठे? एक दिल्लीचा शहेनशहा, तोही संसदेच्या शिफारशींवर शिक्का मारण्यापुरता. दुसरे आपले खानसाहेब, व्यापारी आणि वाटसरू. एक नामधारी आणि एक प्रवासी. इतिहासकार, शास्त्रज्ञ, सभेतले श्रोते यांच्यात आपला कुणी आढळत नाही.

आणि ज्याला आणण्यासाठी कल्पनेची गरजच नव्हती तो इब्राहिमखान गारदी या पाठात येत नाही. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफखान्याचा प्रमुख तो होता. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले पायदळ त्याच्या हुकमाखाली होते. मराठ्यांच्या बाजूला त्या दिवशी नवे तंत्रज्ञान कुणाच्या हातात होते असे विचारले तर पहिले नाव त्याचेच निघेल. लढाई हरल्यावर तो पकडला गेला आणि मारला गेला. मग गोळी चुकल्याने विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले, तर गारदीही वाचला असणार. पुण्यात जी विज्ञानकेंद्रे निघाली त्यांत त्याचा नातू शिकवत असेल काय? तंत्रज्ञानाच्या बळावर नवे भविष्य उभारणाऱ्या कथेने त्या सैन्याच्या तंत्रज्ञालाच विचारात घेऊ नये, ही आम्हांला या कथेतील खरी उणीव वाटते. ही उणीव जातीय नव्हे, कथेच्या आतल्या तर्काचीच आहे.

याचा दोष एकट्या नारळीकरांना देणे अन्यायाचे होईल. २० मे २०२५ रोजी ते गेले. मराठीत विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा मिळाली तिचा मोठा वाटा त्यांचा आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह मोठा केला. या लेखकांनी आपापल्या ओळखीचे जग लिहिले: पुण्या-मुंबईची प्रयोगशाळा, परदेशी परिषद, दिवाणखान्यात चहा घेत चाललेली चर्चा. ज्याने जे पाहिले तेच तो लिहिणार. प्रश्न असा आहे की आम्ही जे पाहिले ते कुणी लिहायचे?

(जाता जाता शब्दाची एक गंमत. नारळीकरांची ‘प्रेषित’ नावाची कादंबरी आहे. आपल्या घरात हा शब्द पैगंबरांसाठी, तिथे परग्रहावरून आलेल्यासाठी. उर्दू शाळेतल्या मुलासमोर ते पुस्तक ठेवले की पहिली पाच मिनिटे या एका शब्दावरच जातात.)

आपल्याकडे एक शंका हटकून निघते. गैबचे इल्म फक्त अल्लाहला. मग भविष्य रंगवणे म्हणजे काय? आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. ज्योतिषी सांगतो, असे होईल. कथा विचारते, असे झाले तर? पेरणीआधी शेतकरी मनात पीक पाहतो आणि वर इन्शाअल्लाह म्हणतो, त्याला कुणी गुन्हेगार ठरवत नाही. ‘अलिफ लैला’तला आबनूसचा उडता घोडा आपल्याच बुजुर्गांनी शतकानुशतके हौसेने ऐकला आहे.

पण पुढे त्या घोड्याचे काय झाले? उर्दूत इब्ने सफींनी ‘इमरान सीरीज’मध्ये झीरोलँड उभे केले. उशीखाली लपवून ते वाचणाऱ्यांची एक अख्खी पिढी होती. मात्र तिथले विज्ञान बहुधा खलनायकाच्या हातातले शस्त्र आहे. वाचक थरारतो, त्याला ते यंत्र आपल्या अंगणात यावे असे वाटत नाही. दुसऱ्या टोकाला डॉ. कलाम. वाय. एस. राजन यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘इंडिया २०२०’ हे पुस्तक १९९८ चे. आपल्या समाजात ते किती अभिमानाने वाचले गेले हे सांगायला नको. तो आराखडा आहे, त्यात माणसांच्या गोष्टी नाहीत, आणि आराखड्याकडून त्या मागूही नयेत. ते २०२० साल आले तेव्हा शाळांना कुलपे होती आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर गेले होते. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही अब्बांबरोबर कामावर, त्या घरातल्या तीन भावंडांचे २०२० कसे गेले, याची कथा आराखड्यात कुठून येणार?

त्याच वर्षी जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. आमचे बीबी हे गाव लोणार तालुक्यातले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आकाशातून आलेल्या आघाताने बेसॉल्ट खडकात झाले. पाण्याच्या रंगाचे कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, हे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. लोककथेत येथे लवणासुर आहे. ‘आईने अकबरी’त अबुल फजलने या परिसरात काच आणि साबण करण्याचे पदार्थ मिळतात अशी नोंद केली आहे. १८२३ मध्ये इंग्रज अधिकारी अलेक्झांडरने या जागेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. म्हणजे पुराण झाले, महसुलाची नोंद झाली, संशोधन झाले. त्या काठावर राहणाऱ्या माणसांच्या उद्याची गोष्ट मात्र आमच्या वाचनात आलेली नाही.

अशी गोष्ट कशी असते हे पाहायचे तर १९०५ पर्यंत मागे जावे लागते. रुकैया सखावत हुसैन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ त्या वर्षी मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये इंग्रजीत छापून आली. बंगालच्या पडदानशीन घरातली ही बाई. शाळेत पाऊल टाकायला मिळाले नाही, पण पुढे १९०९ मध्ये भागलपूरला आणि १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा तिने स्वतः उघडली. तिच्या ‘लेडीलँड’मध्ये पुरुष मर्दान्यात बसतात आणि राज्य बायका चालवतात. एका विद्यापीठातल्या बायका फुग्याच्या साहाय्याने ढगांतून थेट पाणी काढून घेतात. दुसऱ्या विद्यापीठातल्या सूर्याची उष्णता साठवतात. स्वयंपाक उन्हावर होतो, चुलीचा धूर नाही. शत्रू चालून येतो तेव्हा तीच साठवलेली उष्णता त्याच्यावर सोडली जाते.

साहित्य म्हणून या कथेत दोष आहेत. माणसे पुतळ्यांसारखी आहेत, संवाद म्हणजे प्रश्नोत्तरे. पुरुषांना कोंडण्याची युक्ती पहिल्यांदा हसवते, नंतर ती तीच ती होते. तरीही आम्ही तिला मोठी कथा मानतो, कारण तिच्यात यंत्र कशासाठी हवे हे आधी ठरले आहे. नारळीकरांच्या अनेक कथांत यंत्र किंवा सिद्धान्त एक कोडे सोडवतो आणि वाचक बुद्धीने खूश होतो. रुकैयांचे यंत्र चूल पेटवते आणि घागर भरते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागातल्या बाईला कृष्णविवराची ओळख करून द्यावी लागेल. ढगातून पाणी ओढणारा फुगा तिला न सांगता कळेल.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी दंगल लिहिली, गरिबी लिहिली, तलाक लिहिला, संशयाची नजर लिहिली, सूफी संतांचा वारसा शोधून काढला. हे सर्व आवश्यक होते आणि आहे. पण या वार्षिकांची पाने चाळताना असे दिसते की आपली क्रियापदे बहुतेक भूतकाळात आहेत. ज्याला रोज आपण इथलेच आहोत याचा दाखला द्यावा लागतो तो कागदपत्रे शोधत मागेच जाणार, हे आम्ही समजू शकतो. मात्र त्यामुळे पन्नास वर्षांनंतरचा महाराष्ट्र रंगवण्याचे काम आपण दुसऱ्यांवर सोडून दिले. त्यांनी गाडीत खानसाहेबांना खिडकीजवळची जागा दिली, हीसुद्धा त्यांची सज्जनताच म्हणायची.

वर्गात आम्ही रुकैयांची गोष्ट उर्दूत सांगितली आणि शंभर वर्षांनंतरचे बीबी लिहायला सांगितले. मुलांनी उडत्या मोटारी आणि समृद्धी महामार्गावरून सुटणारी रॉकेटे लिहिली. नववीतल्या एका मुलीने लोणारच्या काठावर फुगा उभा केला. त्यावर काम करणारी बाई बीबीची, शिकलेली उर्दू शाळेत. वही उर्दूत, पण टंचाई, टँकर, ग्रामपंचायत हे शब्द तिने मधेच देवनागरीत लिहिले होते. अम्मीच्या तोंडी ते तसेच असतात म्हणाली. पहिल्याच दिवशी फुग्याचा दोर तुटतो आणि सगळा गाव हसतो, इथे तिची गोष्ट संपते. दोर का तुटला ते तिने लिहिलेले नाही. तेवढे लिहून आणायला आम्ही तिला सांगितले आहे.