खंजिरी भजन आणि वऱ्हाडातील समूहगान

लोकसंगीतातील समूह दोन प्रकारे सिद्ध होतो. स्वतंत्र गुणांचे कलावंत एकत्र येऊन आपल्या शक्तींची बेरीज करतात, हा पहिला प्रकार. एखादा कलावंत आपली शक्ती श्रोतृसमुदायात वाटून देतो, हा दुसरा. पहिल्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे १९४४ साली मुंबईत स्थापन झालेले लाल बावटा कलापथक होय. अण्णा भाऊ साठे यांची तमाशाच्या संस्कारात घडलेली रचना, अमर शेख यांचा बुलंद आवाज आणि द. ना. गवाणकर यांची शाहिरी यांचा तेथे संगम झाला. दुसऱ्या प्रकाराचे स्वरूप मात्र वऱ्हाडातच स्पष्ट दिसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांचे खंजिरी भजन हा त्याचा नमुना होय.

या भजनापूर्वी वऱ्हाडात गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) कीर्तन लोकांच्या अंगवळणी पडले होते. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण गेले ते अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आजोळच्या गावी. नारदीय कीर्तनाची पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट त्यांनी मानली नाही. वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारावा व उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घ्यावे, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे श्रोता हाच कीर्तनाचा साथीदार झाला.

जे तत्त्व गाडगेबाबांच्या कीर्तनात संवादरूपाने दिसते, तेच तुकडोजी महाराजांच्या भजनात लयरूपाने प्रकटते. खंजिरी हे वाद्य लहान व अल्पमोली. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि खाचांत बसविलेल्या धातूच्या चकत्या एवढाच त्याचा संभार. वारकरी भजनात लय मृदंगवादकाच्या स्वाधीन असते. येथे गायकच लयीचा धनी असतो. त्यामुळे शब्दावर जोर द्यावयाचा असता तो तत्क्षणी लय चढवू शकतो आणि ध्रुवपदाशी येताच ती समुदायाच्या हाती सोपवू शकतो. भजनाच्या अखेरीस येणारी ‘तुकड्यादास’ ही मुद्रा संतपरंपरेशी नाते सांगते. वाद्याची धडक मात्र सभेची आहे. शिवाय ही भजने मराठीप्रमाणेच हिंदीतही आहेत. १९५६ पर्यंत वऱ्हाड ज्या प्रांतात होता, तेथे या दोन्ही भाषा शेजारी नांदत होत्या, ही गोष्ट येथे लक्षात घेणे अवश्य आहे.

या गायनाचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. १९४२ च्या आंदोलनात महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. तत्पूर्वीच, १९३५ साली, मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली होती. पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांतून भजन व सामुदायिक प्रार्थना नित्याच्या झाल्या. एक्केचाळीस अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त भजनाच्या प्रभावाला स्वतंत्र अध्याय मिळाला आहे, तो या अनुभवातूनच.

या भजनांवर प्रचाराचा आक्षेप घेतला जाईल व तो सर्वस्वी निराधार नाही. ग्रामसफाई, श्रम, व्यसनमुक्ती हे विषय पुनःपुन्हा येतात. छापील पानावर वाचताना अनेक रचना उपदेशाच्या भाराने वाकलेल्या दिसतात. परंतु हा दोष ठरविण्यापूर्वी त्या रचनेचे प्रयोजन पाहिले पाहिजे. ध्रुवपद एकदाच ऐकून शेकडो कंठांनी उचलावे, अशी येथील अट आहे. त्या अटीत सुलभता हा गुण ठरतो, पुनरुक्ती ही बांधणी ठरते. महालातील सुखाहून झोपडीतील समाधान थोर मानणारे त्यांचे भजन महाराष्ट्रभर पसरले, ते कल्पनेच्या नावीन्यामुळे नव्हे, तर तिच्या गेयतेमुळे. खरी मर्यादा अन्यत्र आहे. एकाच ठेक्याच्या सवयीने सर्व भाव एका पातळीवर येतात. आणि जेथे मंडळी महाराजांच्या स्वराची व हातवाऱ्यांची केवळ नक्कल करतात, तेथे समूहगान पुन्हा व्यक्तिपूजेकडे वळते.

वारशाचा निर्णय याच कसोटीवर व्हावयास हवा. अण्णा भाऊ साठे व अमर शेख १९६९ साली दीड महिन्याच्या अंतराने निवर्तले. त्यांची रचना व कीर्ती उरली, पण तो मेळ पुन्हा जमणे शक्य नव्हते. तुकडोजी महाराज त्याच्या आदल्या वर्षी गेले. त्यांच्या मागे उरली ती कोणाही गावकऱ्यास उचलता येईल अशी पद्धती. २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले, हा त्यांच्या विचारांचा गौरव होय. परंतु त्या विचारांचे वाहन असलेले संगीत ग्रंथात सापडत नाही. अमरावती-अकोल्याच्या गावांतील मंडळांच्या चाली, ठेके व त्यांतील स्थानिक भेद यांचे ध्वनिमुद्रण आणि स्वरलेखन झाले, तरच या परंपरेचे पूर्ण मूल्यमापन शक्य होईल. भजनाची संहिता जपून त्याची लय गमावणे म्हणजे अर्धाच वारसा स्वीकारणे होय.