सस्पेन्स अकाउंट

भुतांवर माझा विश्वास नाही. इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांवरही नाही. पण दोघांपैकी कोणीही अवेळी समोर उभे राहिले, तर माझ्या तोंडून आधी रामनाम बाहेर पडेल. विश्वासाचा प्रश्न त्यानंतर चर्चेला घेता येईल.

हे सांगण्याचे कारण असे की मी चिखल्याला राहतो. डहाणूहून नरपड ओलांडून घोलवड-बोर्डीकडे निघालात की मध्ये आमचे गाव लागते. एका हाताला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या हाताला सुरूचे बन आणि त्यामागे समुद्र. मार्चअखेरीला बँकेतून सुटून स्कूटरवरून घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. त्या वेळी सुरूंमधून वारा असा काही घोंगावतो की बी.कॉम.ची पदवी अजिबात उपयोगी पडत नाही. आमच्या आईच्या मते त्या बनात चकवा आहे. मागे वळून पाहावे तर दूरवर डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राचे धुराडे, आणि त्याच्याही खाली तारापूरला १९६९ सालापासून अणूपासून वीज तयार होते आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात चकवाही नांदतो आणि अणूही फुटतो. दोघांनी एकमेकांविरुद्ध आजवर कुठे तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

अशा घरात आमच्या कन्येने ‘दानदादान’ नावाचे पुस्तक आणले. कन्या अकरावी सायन्सला आहे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वाक्यावर ती पुरावा मागते. पुस्तकाचे नाव ऐकून मला वाटले, एखाद्या देवस्थानाच्या देणगीदारांची यादी असावी. निघाले जपानी चित्रकथेचे इंग्रजी भाषांतर. जपानी लोक याला ‘मांगा’ म्हणतात. आमच्याकडे किनाऱ्यावर मांगेला समाज आहे, त्यामुळे आईचा पहिला प्रश्न होता, “कोणाच्या घरचं पुस्तक आणलंस?”

जपान तसा आमच्या तालुक्याला परका नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे जपानच्या नीगाता प्रांतात, तोकामाची इथल्या मिथिला म्युझियमपर्यंत पोचली आहेत. तांदळाच्या पिठाने काढलेले आमचे देव आणि नाचकरी तिकडे गेले, आणि तिकडून आमच्याकडे निघाली बुलेट ट्रेन. तिच्या कर्जाच्या अटी जाहीर झाल्या तेव्हा आमच्या शाखेतले काम पाच मिनिटे बंद पडले होते. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे हप्ता नाही! आमचे हेडकॅशियर म्हणाले, “हे कर्ज नाही हो, हे माहेर आहे.” एवढे देणाऱ्या देशाचे एक पुस्तक वाचायला काय हरकत आहे, असा विचार करून मी चष्मा लावला.

आणि फसलो. मराठी पुस्तक उघडावे तसे ते डावीकडून उघडले आणि वीस पाने वाचली. एक म्हातारी आधी हरली, मग लढली आणि शेवटी धावत आली. कोणी कोणाला प्रश्न विचारण्याआधीच उत्तरे मिळत होती. मी गंभीर झालो. नवकथा असावी, असे वाटले. कन्येने चहा ठेवता ठेवता सांगितले, “बाबा, हे उजवीकडून वाचायचं असतं.” मग लक्षात आले की म्हातारी आधी धावते. तरी सांगतो, दुसऱ्या पद्धतीने फार फरक पडला नाही.

गोष्ट अशी. मोमो नावाची एक शाळकरी मुलगी आहे. तिची आजी अंगात येणाऱ्यांच्या आणि भूत उतरवणाऱ्यांच्या धंद्यातली. त्यामुळे मोमोचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहवासीयांवर नाही. दुसरा तिच्याच शाळेतला एक चष्मिष्ट, एकलकोंडा मुलगा. त्याचा परग्रहवासीयांवर विश्वास आहे, भुतांवर नाही. त्याचे नाव केन ताकाकुरा. हे जपानच्या एका मोठ्या नटाचे नाव, आणि मोमो त्या नटावर फिदा. आपल्याकडे वर्गातल्या सर्वांत किरकोळ मुलाचे नाव राजेश खन्ना असावे तसे. म्हणून ती त्याला ओकारून म्हणते. दोघांची पैज लागते. मोमोने परग्रहवासीयांच्या अड्ड्यावर जायचे, म्हणजे एका ओसाड इस्पितळात, आणि ओकारूनने भुताच्या बोगद्यात. दोघेही जातात आणि दोघेही हरतात, कारण दोन्ही ठिकाणी जे नसायला हवे ते हजर असते.

बोगद्यात ‘टर्बो ग्रॅनी’ नावाची म्हातारी आहे. ती त्या मुलाला झपाटते आणि त्याची अशी एक वस्तू पळवते, की तिचे नाव मध्यमवर्गीय पुस्तकात छापता येत नाही. नेमकी त्याच वेळी आई शेजारी येऊन बसली. “काय पळवलं म्हणालास?” मी म्हणालो, “पाकीट.” बँकेतला माणूस, दुसरे काय सुचणार? पुढे कितीतरी प्रकरणे ती दोन मुले त्या पाकिटासाठी जिवावर उदार होऊन लढतात. आई रोज विचारायची, “एवढे कितीसे पैसे होते रे त्यात?”

आता थोडी टीका करतो. सदर लेखक-चित्रकाराचे नाव युकिनोबु तात्सु. दुसऱ्या चित्रकारांच्या हाताखाली बरीच उमेदवारी करून त्यांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये ही मालिका सुरू केली. आता ती वीस खंड ओलांडून गेली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ती पडद्यावरही आली. ज्या स्टुडिओने ती केली त्याचे नाव सायन्स सारू. सारू म्हणजे माकड. विज्ञान आणि माकड यांची सांगड नावातच घालणाऱ्यांनी भुते आणि अंतराळयाने एकत्र आणली तर तक्रार कशाला?

पण तक्रार होणार. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’वर वाढलेला आपला वाचक विज्ञानकथेकडून विज्ञानाचा पाया मागतो. ‘दानदादान’मध्ये तो शोधू नका. तिथे परग्रहवासी येतात, पण कोणत्या इंधनावर, हे कोणी विचारत नाही. उलट नारायण धारपांचा वाचक म्हणेल, भुताच्या गोष्टीत ही उडती तबकडी कशाला? दोघांचेही बरोबर आहे. फक्त एक गोष्ट दोघांच्या नजरेतून सुटते. तात्सुंनी जे परग्रहवासी घेतले आहेत ते प्रयोगशाळेतून आलेले नाहीत, ते गावगप्पांतून आलेले आहेत. एक आहे अमेरिकेतल्या फ्लॅटवूड्स गावात १९५२ साली लोकांना दिसलेला राक्षस. दुसरा १९७७ साली डोव्हर गावच्या पोरांनी पाहिलेला. म्हणजे हेही चकवेच, फक्त यंत्रयुगातले. विमाने आणि रॉकेटे बनवणाऱ्या देशाला रात्री आभाळात जे दिसले ते परग्रहवासी. आणि शेतातून चालत जाणाऱ्या माणसाला वडाखाली जे दिसले ते भूत.

जपानी लोक या बाबतीत फार टापटिपीचे. सेकिएन तोरियामा नावाच्या चित्रकाराने १७७६ साली तिकडच्या भुताखेतांचा सचित्र हजेरीपटच छापला. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव पेशवे रांगत्या वयातून नुकते उठले होते. पुढे शिगेरू मिझुकी यांनी महायुद्धात डावा हात गमावला आणि उरलेल्या हाताने आयुष्यभर भुते काढून ती घरोघर पोचवली. तिकडची भुते काळाबरोबर बदलतही गेली. टर्बो ग्रॅनी ही हमरस्त्यावर मोटारींच्या मागे धावणारी म्हातारी आहे, मोटारी आल्यानंतरची. आपल्या हडळीचे पाय मात्र अजून उलटेच आहेत आणि मुंजा अजून त्याच पिंपळावर. इतक्या वर्षांत एकालाही बढती नाही, बदली नाही. तलासरीवरून अहमदाबादचा एवढा मोठा हायवे जातो, पण त्यावर एक जागा भरलेली नाही.

इथपर्यंत मी हसत होतो. मग ती लाल कपड्यातली बाई आली.

इंग्रजीत तिला ‘ॲक्रोबॅटिक सिल्की’ म्हणतात. उंच, लांब केस, नाचत नाचत येणारे भूत. आयरा नावाच्या एका मुलीला ती आपली मुलगी समजते आणि तिच्या मागे लागते. मारामारी होते, भूत हरते, आणि मग तिची हकीकत कळते. एकटी बाई, एक लहान मुलगी. मिळेल ते काम करून कर्ज फेडते आहे आणि त्यातच मुलीसाठी लाल ड्रेस घेते. एक दिवस वसुलीवाले दारात येतात आणि मुलीलाच घेऊन जातात. ती अनवाणी गाडीमागे धावते. पुढे जे होते ते लिहीत नाही. त्या भागात संवाद जवळजवळ नाहीत. चित्रकाराला ठाऊक आहे की इथे आपण बोलायचे नाही.

मी पुस्तक मिटले. कन्येला वाटले, मला कंटाळा आला.

वीस वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, वसुली मोहिमेत एका अधिकाऱ्याबरोबर मी किनाऱ्यावरच्या एका गावी गेलो होतो. कर्ज शिलाई मशीनचे. नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता. घरात खुर्ची एकच होती, तिच्यावर साहेब बसले. पाच-सहा वर्षांची मुलगी दाराआडून बघत होती. आम्ही काही गुंड नव्हतो. कोणी आवाजही चढवला नाही. मी नोटीस दिली, पोच म्हणून सही घेतली, आणि बाईंनी दिलेले पाणी पिऊन आम्ही निघालो. दोन महिन्यांनी खाते पूर्ण भरून बंद झाले. पैसे कुठून आले, मशीन राहिले की गेले, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. खरे सांगायचे तर यादीतले एक नाव कमी झाले म्हणून मला बरे वाटले होते.

बँकेत ‘सस्पेन्स अकाउंट’ नावाचे एक खाते असते. रक्कम तर आली आहे, पण ती कोणाची, कशाची, हे त्या दिवशी उमगत नाही, तेव्हा ती तिथे ठेवतात. नियम असा की ती लवकरात लवकर योग्य खात्यात गेली पाहिजे. न गेलेली रक्कम वर्षानुवर्षे पडून राहते, आणि प्रत्येक इन्स्पेक्शनला समोर येऊन उभी राहते. तात्सुंचे भूत म्हणजे ही सस्पेन्समधली नोंद आहे. त्यांचे परग्रहवासीही तसेच. त्यांच्यातला एक मुष्टियोद्धा पोटासाठी सुपारी घेऊन लढतो, कारण घरी मुलगा आजारी आहे आणि उपचाराला पैसे हवेत. टर्बो ग्रॅनीसुद्धा, जिथे मुली वाईट रीतीने मेल्या तिथे जाऊन त्यांच्या आत्म्यांना धीर देत फिरत होती. म्हणूनच भुते आणि अंतराळ यांची इथे खिचडी होत नाही. पोशाख दोन असले तरी नोंद एकाच प्रकारची आहे. मारामारीने ती निकालात निघत नाही. सिल्कीच्या बाबतीत निकाल लागतो तो आयरा तिला मिठी मारून ‘आई’ म्हणते तेव्हा. आयराची स्वतःची आई लहानपणीच गेलेली. म्हणजे दोन वेगवेगळ्या खात्यांतल्या येणे बाकी एकमेकींना जुळल्या.

दोष? आहेत, आणि लहान नाहीत. सुरुवातीलाच परग्रहवासीयांच्या तावडीत सापडलेल्या मोमोचा जो प्रसंग रंगवला आहे तो वाह्यात आहे, आणि गोष्टीला त्याची गरज नव्हती. कन्येने स्वतःच नाक मुरडून पान उलटले. लढाया लांबतात. एकेका ठोशाला दोन पाने म्हणजे कागदाची उधळपट्टी. पुढे पुढे मंडळी इतकी वाढतात की कोण भूत, कोण परग्रहवासी आणि कोण वर्गमित्र, याचा ट्रायल बॅलन्स माझ्याने जुळला नाही. हे सगळे खरे असूनही, डोळ्यांत पाणी आणणारे भूत मला या वयात पहिल्यांदा भेटले.

आमच्या घरापुरता एक फायदाही झाला. आजी आणि नात आता संध्याकाळी पडद्यावर ही मालिका एकत्र पाहतात. पुरावा मागणारी नात आजीला चकव्याबद्दल विचारते, आणि आजी तिला विचारते, “त्या ताऱ्यांवर खरंच कोणी असेल का गं?” मोमो आणि ओकारून यांनी तरी दुसरे काय केले? एकमेकांच्या खोट्या गोष्टीत एक-एक फेरी मारून आले.

परवा रात्री मी सुरूच्या बनाशी स्कूटर थांबवली. वारा घोंगावत होता. त्या बाईंचे नाव आठवून पाहिले. खाते कशाचे होते ते आठवले, किती थकले होते तेही आठवले. नाव आठवले नाही.

घरी पोचलो तर आई जागी होती. “उशीर केलास. चकव्यानं धरलं की काय?”

“नाही गं, थोडा हिशेब राहिला होता.”

“बरं, त्या पोराचं पाकीट मिळालं आज,” आई म्हणाली. “पण आतली दोन नाणी अजून सापडत नाहीत. सोन्याची होती म्हणे.”

मागे नात उशीत तोंड खुपसून हसत होती.