लाकडी चौकट आणि सात कालखंड : रुथिन येथील नान्टक्लुइड-अ-द्रेच्या निमित्ताने

उत्तर वेल्समधील रुथिन या लहान गावात कासल स्ट्रीटवर परस्परांना खेटून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या ओळीत नान्टक्लुइड-अ-द्रे हे लाकडी चौकटीचे घर आहे. वृक्षवलयांच्या आधारे त्याच्या सर्वांत जुन्या भागाचा काळ इ. स. १४३५-३६ असा ठरविण्यात आला असून वेल्समधील ज्ञात शहरी लाकडी घरांत ते सर्वांत जुने मानले जाते. १९८४ मध्ये तत्कालीन क्लुइड कौंटी कौन्सिलने ते विकत घेतले आणि जीर्णोद्धारानंतर २००७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. प्रस्तुत लेखात हे घर कसे दाखविले जाते, याची चिकित्सा करावयाची आहे.

दर्शकाला येथे सात कालखंड भेटतात. एक दालन मध्ययुगाचे, एक व्हिक्टोरियन काळातील शाळेचे, तर एक १९४२ सालचे. ही मांडणी रंजक आहे, शैक्षणिकदृष्ट्या उपयुक्तही आहे. परंतु या मांडणीमुळे दालनातील सामान बोलके होते आणि भिंत मुकी होते, असे म्हणावे लागते.

लाकडी चौकटीचे बांधकाम मुळात कसे होते, हे पाहिले म्हणजे आक्षेपाचे स्वरूप स्पष्ट होईल. ओकचे लाकूड वाळले की अतिशय कठीण होते. म्हणून ते ओले असतानाच घडविले जाई. सुतार आपल्या आवारात खांब, तुळया, वासे जुळवून पाही, सांध्यांवर खुणा कोरी, मग चौकट सुटी करून जागेवर उभी करी. खाचेत कुसू बसवून लाकडी खुंटीने सांधा पक्का केला जाई. मधली जागा कुडाने भरली जाई (आपल्याकडील कूड आणि तेथील कूड यांत तत्त्वतः भेद नाही). भार चौकटीवर असल्याने कूड काढून तेथे दार पाडता येते, विटा भरता येतात, उघड्या चुलीच्या दालनात धुराडे व माडी घालता येते. बदल हा अशा घराचा अपवाद नव्हे, तो त्याच्या रचनेतच गृहीत आहे. त्यामुळे एका दालनाला एक शतक वाटून देणे रचनेच्या स्वभावाविरुद्ध जाते. त्याच दालनाच्या माथ्यावरील तुळई बहुधा दुसऱ्याच शतकाची साक्ष देत असते!

दुसरा मुद्दा दृष्टीच्या सवयीचा. काळी तुळई आणि पांढरी भिंत हेच या घरांचे 'अस्सल' रूप, असा समज रूढ आहे. वस्तुतः लाकडाला काळा रंग देण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकातील आहे. त्यापूर्वी ओक बहुधा उघडा राही किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुन्याचा हात दिला जाई. म्हणजे ज्याला आपण मध्ययुग समजून पाहतो, त्यातील बरेचसे व्हिक्टोरियन अभिरुचीचे आहे.

याच सवयीतून लाकडी घर म्हणजे सीमेपलीकडून आलेला इंग्रजी प्रभाव, असे समीकरण मांडले जाते. पीटर स्मिथ यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात नकाशांच्या साहाय्याने पूर्व वेल्समध्ये लाकूड आणि पश्चिमेकडे दगड, ही विभागणी दाखविली, तिचे मोल वादातीत आहे. मात्र नकाशा प्रसार दाखवितो, कारण सांगत नाही. पूर्वेकडील खोऱ्यांत ओक मुबलक होता, हेही कारण असू शकते. नान्टक्लुइड-अ-द्रे ज्याच्यासाठी बांधले गेले तो गोरोन्वी अॅप मॅडोग हा वेल्श नावाचा गृहस्थ होता. रुथिन हे इंग्रज सरदार ग्रे घराण्याच्या सत्तेखालचे गाव, आणि ओवेन ग्लिन्डूरच्या बंडात ते १४०० मध्ये जाळले गेले. त्यानंतर जेमतेम ३५ वर्षांनी, किल्ल्याच्या नावाच्याच रस्त्यावर एक वेल्श गृहस्थ घर उभारतो. 'प्रभाव' या एका शब्दात हे मावत नाही. घरधन्याची ऐपत, जागेचा हक्क, सुताराचे कसब या गोष्टींचा विचार तेथे व्हावयास हवा. सात दालनांच्या मांडणीत गोरोन्वी हा केवळ पहिला रहिवासी उरतो.

जवळच सेंट पीटर्स स्क्वेअरमध्ये १४०१ चे जुने न्यायालय आहे, तेही लाकडी चौकटीचेच. तेथे न्यायनिवाडा झाला, कैदी ठेवले गेले, विसाव्या शतकात बँक चालली. वळचणीखाली फाशीच्या तुळईचे टोक अजून बाहेर डोकावते. या इमारतीला कोणी दालनागणिक शतके वाटून दिली नाहीत. बँकेच्या कामासाठी येणारा ग्राहक त्या टोकाखालूनच आत जात असे.