अबोल घोडेस्वार, बोलका डाकू

वेस्टर्न हा अमेरिकी चित्रपटाच्या सर्वांत जुन्या प्रकारांपैकी एक. १९०३ मध्ये एडविन पोर्टरने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ काढला, तेव्हाच आगगाडी, घोडे, लूट आणि पाठलाग हे सगळे सामान हजर होते. ज्या काळाची गोष्ट तो सांगत होता तो काळ नुकताच कुठे सरला होता. चित्रपट मुके असतानाच हा प्रकार वयात आला आणि बोलपट आल्यावरही त्याची मुकेपणाची सवय सुटली नाही. त्यामुळे वेस्टर्नमधल्या नटाची पारख करताना आवाज, शब्दफेक या गोष्टी मागे पडतात. तो घोड्यावरून उतरतो कसा, दारात उभा राहतो कसा आणि किती वेळ गप्प बसू शकतो, हे आधी पाहावे लागते.

जॉन वेन या कसोटीवर नेहमी कमी लेखला गेला. बी दर्जाच्या चित्रपटांत जवळजवळ दहा वर्षे काढल्यावर १९३९ मध्ये जॉन फोर्डने त्याला ‘स्टेजकोच’ दिला. त्यातला त्याचा प्रवेश प्रसिद्ध आहे. हातातली बंदूक फिरवत तो वाटेत उभा असतो, कॅमेरा झपाट्याने त्याच्या चेहऱ्याकडे जातो आणि क्षणभर चित्र धूसर होते. फोर्डने ते तसेच राहू दिले. वेनला अभिनय येत नाही, तो फक्त वेन असतो, हा आक्षेप ‘द सर्चर्स’ (१९५६) पाहिल्यावर टिकत नाही. पुतणीच्या शोधात वर्षानुवर्षे भटकणारा ईथन एडवर्ड्स द्वेषाने पोखरलेला माणूस आहे. वेनने त्याला कुठेही गोड केलेले नाही. शेवटी सगळे घरात जातात, तो उंबरठ्याबाहेर थांबतो, एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपर धरतो आणि पाठ फिरवतो. नायकाला घरात जागा नाही, ही गोष्ट फोर्डने एकही वाक्य न वापरता सांगितली.

गॅरी कूपरचा ‘हाय नून’ (१९५२) वेगळ्या वळणाचा. बाराच्या गाडीने सूड घ्यायला गुंड येणार आहे. मार्शल केन गावात मदत मागत फिरतो, गुत्त्यात जातो, चर्चमध्ये जातो आणि हात हलवत परततो. भिंतीवरची घड्याळे पुन्हापुन्हा दिसतात आणि पडद्यावरचा वेळ जवळपास खऱ्या वेळेइतकाच चालतो. कूपर तेव्हा पन्नाशीला आलेला, आजारी होता. चेहऱ्यावरची वेदना काही अंशी खरीच होती आणि दिग्दर्शक झिनमनने ती झाकली नाही. कॅमेरा उंच उंच जातो आणि रिकाम्या रस्त्यावर हा एकटा माणूस घाम पुसत उभा दिसतो; वेस्टर्नमध्ये भीतीचे याहून प्रामाणिक चित्र सापडणे कठीण. हॉवर्ड हॉक्सला मात्र गावकऱ्यांपुढे पदर पसरणारा मार्शल मुळीच रुचला नाही. त्याने वेनला घेऊन ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) काढला तो उत्तरादाखल. चित्रपट मजेदार आहे, पण उत्तर म्हणून लंगडा, कारण वेनच्या बाजूला दोस्त भरपूर आहेत.

अँथनी मानने जेम्स स्ट्युअर्टमधला संताप बाहेर काढला. ‘द नेकेड स्पर’मध्ये तो पैशासाठी माणसाची शिकार करतो आणि त्याच गोष्टीने आतून कुरतडला जातो. अ‍ॅलन लॅडचा ‘शेन’ त्या मानाने अतिस्वच्छ वाटतो. काळ्या पोशाखातला जॅक पॅलन्स नुसता उभा राहून लॅडच्या तोंडचा घास काढून घेतो.

१९६४ मध्ये इटलीच्या सर्जिओ लिओनेने कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ उभा केला आणि मुकेपणा टोकाला नेला. क्लिंट ईस्टवूडने स्वतःचे संवाद कापायला लावले, उरलेले काम चिरूट, शाल आणि मोरिकोनेच्या संगीताकडे सोपवले. लिओनेची खरी करामत ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये (१९६८) दिसते. सुरुवातीला तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट पाहतात. एकाच्या तोंडावर माशी बसते, दुसऱ्याच्या टोपीवर पाणी ठिबकते आणि कितीतरी मिनिटे जवळजवळ कुणीच बोलत नाही. सज्जनपणाचा पुतळा असलेल्या हेन्री फोंडाला लहान मुलावर बंदूक रोखायला लावणे हा त्या काळातला मोठा धक्का होता. एवढे असूनही लिओनेची माणसे मुख्यतः चेहरे आहेत. त्यांच्या गप्प राहण्यामागे दडलेले असे फारसे काही नसते, आणि अनुकरण करणाऱ्यांनी नेमके तेवढेच उचलले.

भारतीय प्रेक्षकाने मात्र या यादीबाहेरचाच चित्रपट डोक्यावर घेतला. ‘मॅकेनाज गोल्ड’ (१९६९) अमेरिकेत पडला, भारतात तुफान चालला आणि नंतर कित्येक वर्षे पुन्हापुन्हा लागत राहिला. लेखक-निर्माता कार्ल फोरमन, म्हणजे ‘हाय नून’ लिहिणाराच. तरी त्यातला ग्रेगरी पेक अवघडलेला दिसतो आणि भूकंपाची कलाकुसर तेव्हाही कच्चीच होती. पण सूर्य उगवताच सुळक्याची सावली लांबत जाऊन दरीची वाट दाखवते, ते दृश्य पाहणारा विसरत नाही. शापित खजिना, लोभ आणि शेवटी हाती आलेली माती ही आपल्याकडच्या आजीच्या गोष्टीतलीच मांडणी. ओमर शरीफचा कोलोरॅडो बोलका, हसरा आणि दगाबाज. प्रेक्षकांचे प्रेम अबोल पेकऐवजी त्याच्या वाट्याला गेले, आणि हिंदी वेस्टर्नची पुढची वाट इथेच दिसते.

निमाडातल्या बुऱ्हाणपूरसारख्या गावात ही वाट हिंदीतूनच पोचली. चित्रपटांच्या वितरणधंद्याने ‘सी.पी.-बेरार’ हे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचे नाव अजून टिकवून ठेवले आहे, आणि वितरक व चित्रगृहवाल्यांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन रेल्वेने तासाभरावर असलेल्या भुसावळची. मराठी, हिंदी, उर्दू आणि निमाडी एकाच बाजारात चालणाऱ्या या गावाला फोर्ड-हॉक्सपेक्षा राज खोसला जवळचा. त्याच्या ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये (१९७१) धर्मेंद्र नायक आहे, पण लक्षात राहतो विनोद खन्नाचा जब्बरसिंग: ताठ, उन्मत्त, नजरेने बोलणारा. वेस्टर्नच्या नायकाचे गुण हिंदीत खलनायकाकडे गेले ते असे. नायकाला गाणे म्हणायचे असते, आईसमोर रडायचे असते, मग गप्प राहायला त्याला सवड कुठली? फिरोज खानने ‘खोटे सिक्के’ (१९७४) आणि ‘काला सोना’ (१९७५) मध्ये घोड्यावरचा अबोल नायक करून पाहिला. पोशाख चोख होता, पण ईस्टवूडची आठवण पुसून टाकील असे स्वतःचे काही त्यात नव्हते.

‘शोले’ (१५ ऑगस्ट १९७५) या ओढाताणीतून निघालेला चित्रपट. त्याचे संवाद ध्वनिमुद्रिकांवर विकले गेले आणि गावोगाव पाठ झाले, त्यामुळे त्यातली वेस्टर्नची कारागिरी झाकली गेली. ती आहे शब्द नसलेल्या जागांत. गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा चेहरा दिसत नाही. खडकावर फिरणारे बूट दिसतात आणि फरफटत येणारा काडतुसांचा पट्टा ऐकू येतो. ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड तर सरळ लिओनेकडून आलेले आहे, पण झोपाळ्याची करकर ही इथली भर. मुलावर झाडलेली गोळी आणि ठाकूरला घेऊन येणारी आगगाडी यांच्यामध्ये फक्त एक काप आहे. हा काप मराठी माणसाचा. संकलक एम. एस. शिंदे यांना मिळालेले पारितोषिक हे ‘शोले’चे एकमेव फिल्मफेअर. रामगढ उभारणारे कलादिग्दर्शक राम येडेकर, कालिया झालेले विजू खोटे आणि अहमद झालेला सचिन हेही मराठीच. अभिनयात मात्र खरा वेस्टर्न नट अमिताभ बच्चन. बाजा वाजवणारा जय लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या ब्रॉन्सनच्या ‘हार्मोनिका’चा चुलतभाऊ असला, तरी त्याचा अबोलपणा सुडाचा नाही, लाजेचा आहे. ठाकूरने गब्बरला पायांनी चिरडण्याचा मूळ शेवट सेन्सॉरने बदलायला लावला आणि ऐनवेळी पोलीस आले. जिथे कायदा पोचत नाही तिथली ही गोष्ट, आणि तिच्या शेवटी कायदा सरकारी हुकमाने पोचला!

अमजद खानने भूमिकेसाठी तरुणकुमार भादुरींचे ‘अभिशप्त चंबल’ वाचले होते. गब्बर हे नावही ग्वाल्हेरकडच्या, १९५९ मध्ये मारल्या गेलेल्या खऱ्या डाकूचे. पुढे हिंदी वेस्टर्नला जीव आला तो याच मातीतून. ‘पानसिंग तोमर’मध्ये (२०१२) इरफान खानने धावपटूचे पाय आणि बागीचा हट्ट एकाच देहात बसवले. अभिषेक चौबेचा ‘सोनचिडिया’ (२०१९) त्याहून कठोर आहे. मनोज वाजपेयीचा मानसिंग फार बोलत नाही, आणि त्याच्या गप्प राहण्यामागे मारल्या गेलेल्या मुलांचे ओझे आहे. लिओनेच्या माणसांत जे नाही ते इथे सापडते. चित्रपट तिकीटबारीवर पडला, पण हिंदीत आजवर झालेला सर्वांत अस्सल वेस्टर्न तोच.

निमाडच्या वाट्याला यातले फारसे काही आलेले नाही. खांडव्याच्या किशोरकुमारने जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून यॉडलिंग उचलले आणि ‘शोले’च्याच रमेश सिप्पीच्या पहिल्या चित्रपटात, ‘अंदाज’मध्ये (१९७१), ते मोटरसायकलवर गाजले. अमेरिकी गुराख्याचा तेवढा एक सूर या मुलखातून देशभर गेला. सामग्रीची मात्र इथे चणचण नाही. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये पुरा झाला, तर बुऱ्हाणपूरवरून जाणारा मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० मध्ये. पेंढारी चितू अशीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. अमेरिकी डाकू जेसी जेम्सला १८८२ मध्ये गोळी लागली आणि हॉलिवूड त्याच्यावर अजून चित्रपट काढते आहे. त्याच्याच काळात निमाड-खानदेशात सावकारांना लुटणाऱ्या तंट्या भिल्लाला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी झाली. तंट्यामामाचा आता देव झाला आहे आणि पटकथेची अडचण तिथेच आहे. ईथन किंवा मानसिंगसारखा तो चुकला, घाबरला, कुणावर नाहक उलटला, असे लिहायची हिंमत एखाद्या लेखकाने केली आणि भूमिका गप्प बसता येणाऱ्या नटाला दिली, तरच त्याचा वेस्टर्न होईल. नाहीतर आणखी एक चरित्रपट निघेल, गाण्यांसकट.