सुरुवात चौथ्यापासून : ‘अल्टिमा’ ही गेममालिका कुठून खेळावी?



तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर व्हिडिओ गेमवर बोलायला उभं राहावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटत असेल. दोष माझ्या नातवाचा आहे. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला होता. ‘अल्टिमा’ नावाची एक जुनी रोल-प्लेइंग गेमची मालिका त्याला खेळून बघायची होती. रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात आपण एक पात्र होतो, गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, लढतो आणि हळूहळू मोठे होतो. या मालिकेचे मुख्य भाग नऊ. पहिला १९८१चा, नववा १९९९चा. त्याने मला विचारलं, “आबा, सुरुवात कुठून करू?” मी म्हटलं, “अरे, पहिल्यापासून. त्यात विचारायचं काय?”

हे उत्तर चुकीचं होतं, आणि माझ्यासारख्याने तर ते द्यायलाच नको होतं. ‘तत्त्वज्ञान कुठून वाचायला घेऊ?’ असं विद्यार्थी मला दरवर्षी विचारायचे. ‘थेलीसपासून घे’ असं मी कुणालाही सांगितलं नाही. ‘प्लेटोचे छोटे संवाद घे, थेलीस नंतर भेटेल,’ म्हणायचो. कारण क्रमाने जो पहिला असतो, त्याच्यापाशी प्रश्न सुरू होतोच असं नाही. अल्टिमाचंही तसंच आहे. माझं आजचं उत्तर : चौथ्यापासून सुरू करा, मग पाचवा, मग सहावा, मग सातवा. हाच क्रम का, ते सांगतो.

आधी पहिल्या तीन भागांविषयी थोडं. ते रिचर्ड गॅरियट या अमेरिकेत वाढलेल्या तरुणाने केले. संगणकावर जग उभं करण्याची त्याची हौस त्यांत पानोपानी दिसते. पहिल्या भागात तलवारीही आहेत आणि अवकाशयानही आहे. पण नीतीच्या अंगाने पाहिलं तर तिथे सगळा आनंदीआनंद आहे. दुकानातून चोरी करता येते. राजकन्येला सोडवायचं तर राजवाड्यातल्या विदूषकाला मारून त्याच्याकडची किल्ली घ्यायची, आणि तरीही नायक तुम्हीच. तिसरा भाग १९८३ साली गॅरियटच्या स्वतःच्या ‘ओरिजिन’ या कंपनीने काढला, तेव्हा खेळणाऱ्यांची पत्रं थेट त्याच्या हातात यायला लागली. ती वाचून त्याच्या लक्षात आलं की लोक जिंकण्यासाठी दुकानं लुटतात, गावकऱ्यांना मारतात आणि शेवटी जग वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतात. यात खेळणाऱ्यांचा काय दोष? खेळाने त्यांना दुसरं काही विचारलंच नव्हतं.

विचारलं ते १९८५ साली, चौथ्या भागात. ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’ हे त्याचं उपनाव. यात शेवटी मारायचा कुणी खलनायक नाही. त्या काळात हे फारच वेगळं होतं. उद्दिष्ट एकच : चांगला माणूस होणं. त्यासाठी तीन तत्त्वं दिली आहेत : सत्य, प्रेम आणि धैर्य. त्यांच्यापासून आठ सद्गुण होतात. नुसत्या सत्यातून प्रामाणिकपणा, नुसत्या प्रेमातून करुणा, नुसत्या धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. सत्य आणि धैर्य मिळून, ज्याला आपण इमान म्हणू, ते. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म. झाले सात. मग आठवा कुठला? तीन गोष्टींच्या जोड्या लावायच्या तर आठ शक्यता होतात, आणि त्यातली एक म्हणजे तिन्हींपैकी काहीच नसणं. त्या रिकाम्या जागी गॅरियटने विनम्रता बसवली आहे. ती कशातून निघत नाही आणि कशावर उभी नाही. मी सद्गुणांच्या बऱ्याच याद्या शिकवल्या. विनम्रतेला इतकी नेमकी जागा दिलेली माझ्या पाहण्यात नव्हती.

आता हा ‘अवतार’ शब्द. हिंदू धर्मावरचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहून ही कल्पना सुचल्याचं गॅरियटने सांगितलं आहे. आपल्याला अर्थातच इथे थोडं अडखळायला होतं. अवतार म्हणजे उतरणं. वरचा खाली येतो. या खेळात मात्र खालचा वर चढतो. आपल्या भाषेत त्याला साधक म्हणायला हवं. पण रागवायचं कारण नाही. आपण तरी शब्दाला कुठे जपलं? चिखलात खेळून आलेल्या पोराला आपल्याकडे ‘काय हा अवतार!’ असंच म्हणतात. शिवाय खेळात प्रत्येक सद्गुणाचं एक देवस्थान आहे, तिथे बसून त्या गुणाचा मंत्र जपत ध्यान करायचं असतं, आणि अध्यात्माचा मंत्र कोणता, तर ‘ओम’. उसनं घेतलेलं आहे, पण घेताना टवाळी केलेली नाही.

आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री तुम्हांला सात प्रश्न विचारते. दर वेळी दोन सद्गुण समोर ठेवते आणि एक निवडायला लावते. प्रामाणिक राहून मित्राला दुखवायचं, की करुणेपोटी गप्प बसायचं, अशा धर्तीचे. तुमच्या उत्तरांवरून तुमचा व्यवसाय ठरतो. आपण जादूगार तरी होऊ, अशी माझी खात्री होती. झालो मेंढपाळ! कारण मी दर वेळी विनम्रतेची बाजू घेतली होती. मेंढपाळ हे खेळातलं सगळ्यांत दुबळं पात्र. आणि त्याची सुरुवात होते ती गर्वापायी उद्ध्वस्त झालेल्या, भुतांनी भरलेल्या मॅजिन्शिया गावाजवळ. विनम्रतेची उत्तरं देणं सोपं होतं. पुढे पुढे कळलं की खेळात काही माणसं बोलता बोलता तुम्हांला फुशारकी मारायला लावतात, आणि ‘हो’ म्हटलं की विनम्रता घटते. मी ‘हो’ म्हटलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. मंत्रविद्येसाठी लागणारी जडीबुटी विकणाऱ्या बायका या खेळात आंधळ्या आहेत. त्या किंमत सांगतात आणि तुम्ही किती नाणी दिली हे तुम्हीच टाइप करायचं असतं. एक लिहिलं तरी ती बाई आभार मानते आणि माल देते. माझ्याकडे नाणी कमी होती. मी एक लिहिलं. पुन्हा गेलो, पुन्हा एक लिहिलं. नातू मागे उभा होता. म्हणाला, “आबा, तुम्ही चीटिंग करताय!” मी म्हटलं, “अरे, खेळच आहे.” मग राजवाड्यात हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला प्रामाणिकपणाविषयी विचारलं. त्याने माझी चांगलीच हजेरी घेतली.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात गायजिसच्या अंगठीची गोष्ट येते. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. मग कुणी पाहत नसताना तो न्यायाने वागेल का, हा प्रश्न. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितली. ती आंधळी बाई म्हणजे माझ्या हातात दिलेली अंगठी होती, हे मला ओळखू आलं नाही. इथे खेळाचं खरं सामर्थ्य आहे. पुस्तकातला प्रश्न मी विद्यार्थ्यांना घालत होतो. हा प्रश्न मला घातला गेला, आणि प्रश्न आहे असं न सांगता घातला गेला. सद्गुणांचे गुण पडद्यावर कुठेही दिसत नाहीत. माणूस न्यायाची कामं करत करत न्यायी होतो, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. इथे तसंच आहे. एका मोठ्या पराक्रमाने काही साधत नाही, रोजच्या व्यवहाराने साधतं. आणि एखादा गुण पूर्ण साधल्यावर घसरलात, तर एक अष्टमांश गमावल्याचं खेळ सुनावतो.

आता टीकाही करायला हवी. चौथ्या भागात दोन मोठे दोष आहेत. पहिला म्हणजे सद्गुणाची वही. भिकाऱ्याला एक नाणं दिलं की करुणा वाढते. मग एकेक नाणं करून दिलं की काम भागतं. उपचारगृहात रक्त दिलं की त्याग वाढतो. मग देत बसा. हा आपल्या ओळखीचा पुण्याचा हिशेब झाला. दुसरा दोष अधिक गंभीर. काही प्राणी जातीनेच दुष्ट ठरवले आहेत. साप पळून जात असेल तर त्याला जाऊ द्यावं, ते करुणेत धरलं जातं. पण राक्षसाला मात्र मारायचंच. का? तर तो राक्षस आहे.

पण याच दोषांमुळे मी चौथ्यापासून सुरू करा म्हणतो, कारण पुढचे भाग नेमके त्यांच्याशीच भांडतात.

१९८८च्या पाचव्या भागात चांगला राजा बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न नावाचा सरदार राज्य करतो. त्याने सद्गुण रद्द केलेले नाहीत. त्यांचे कायदे केले आहेत. खोटं बोललात तर जीभ कापली जाईल. निम्मं उत्पन्न दान केलं नाही तर सगळंच जाईल. चौथ्या भागात तुम्ही ज्या करुणेसाठी धडपडलात, ती आता शिपाई वसूल करतात. कायद्याबरहुकूम वागणं आणि नीतीच्या जाणिवेने वागणं यांत कान्टने केलेला भेद मुलांना समजावताना माझी दमछाक व्हायची. हा गेम हाताशी असता तर बरं झालं असतं. वहीत मोजता येणारा सद्गुण शिपायालाही मोजता येतो, हे पाचवा भाग दाखवतो.

१९९०च्या सहाव्याचं उपनाव ‘द फॉल्स प्रॉफेट’, म्हणजे खोटा प्रेषित. आरंभीच तुम्हांला बळी देण्यासाठी एका वेदीवर बांधलेलं आहे, आणि बांधणारे म्हणजे गार्गॉइल, चौथ्या भागातल्या राक्षसांसारखे दिसणारे. पुढे कळतं की त्यांचीही भाषा आहे, ग्रंथ आहेत, त्यांची स्वतःची तीन तत्त्वं आहेत : संयम, उत्कटता आणि चिकाटी. तो खोटा प्रेषित कोण, हे मी सांगत नाही. एवढंच सांगतो की ज्याने चौथा भाग मनापासून पूर्ण केला, त्यालाच ते टोचतं. बाकीच्यांना ती नुसती माहिती वाटते.

इथे माझा नातवाच्या मित्रांशी वाद आहे. ते म्हणतात, १९९२च्या सातव्यापासून सुरू करा. तो सर्वांत देखणा आहे, माउसवर चालतो, बोलायचे शब्द आयते समोर येतात. सगळं खरं आहे. सातवा भाग ही या मालिकेतली सर्वांत भरीव कलाकृती आहे, हेही मी मान्य करतो. त्यात दोनशे वर्षं लोटली आहेत, लोक जुने सद्गुण विसरले आहेत, आणि ‘फेलोशिप’ नावाचा एक गोडबोल्या पंथ गावोगाव शाखा काढतो आहे. त्याचीही तीन तत्त्वं आहेत, ऐकायला छानच. पण जुनी तीन तत्त्वं ज्याने कमावलीच नाहीत, त्याला नवी तीन खोटी का वाटावीत? जे आपण कधी जपलं नाही, ते हरवल्याचं दुःख होत नाही. सातव्यापासून सुरू करणारा उत्तम गेम खेळेल, यात शंका नाही. पण काय हरवलं आहे ते त्याला कुणीतरी सांगावं लागेल.

आठवा आणि नववा भाग हौस असेल तर शेवटी पाहा. पहिले तीन थेलीससारखे आहेत; प्रेम जडल्यावर त्यांच्याकडे जा.

थोडं व्यवहाराचं. चौथा भाग जीओजी या संकेतस्थळावर कायदेशीररीत्या फुकट मिळतो. चित्रं ठोकळ्यांसारखी आहेत, त्याची सवय दोन दिवसांत होते. माणसं भेटली की शब्द टाइप करून विचारायचं : नाव काय, काम काय, प्रकृती कशी. त्यांच्या उत्तरातला जो शब्द वेगळा वाटेल तो पुढे विचारायचा. म्हणून शेजारी खरीखुरी वही ठेवा. मंत्र, गावं, कुणी काय सांगितलं, सगळं लिहा. आकाशातल्या दोन चंद्रांच्या कला बघा, त्यांच्यावर चंद्रद्वारं उघडतात. मूळ खोक्यात दोन पुस्तिका आणि कापडी नकाशा असायचा. त्या पुस्तिका आधी वाचा. आणि तयार उत्तरांची यादी शोधू नका. सद्गुणाची गाइड वाचून परीक्षा देणारे मी आयुष्यभर पाहिले आहेत.

नातवाने गेल्या महिन्यात चौथा भाग सुरू केला. फोनवर सांगत होता, त्या आंधळ्या बाईच्या दुकानात पोचलोय. तिथे त्याने किती नाणी मोजली, हे मी विचारलेलं नाही. मी माझी हरवलेली सचोटी परत मिळवायला पुढे चाळीसेक वेळा तिला पूर्ण पैसे मोजले. आता ते मनापासून होतं की वहीसाठी, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. तुम्ही खेळून बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

इथे थांबतो.